जुन्या अमेरिकन ट्रेड पुस्तकांचा संच घ्यावा का, आणि कामावर कोणती पुस्तकं जवळ असावीत?

पलूसकडच्या दोन भावांनी विचारलं आहे. थोरला आयटीआय इलेक्ट्रिशियन, धाकटा सिव्हिल डिप्लोमा. दोघं मिळून घरांचं वायरिंग, शेतपंपांची जोडणी आणि लहान बांधकामं घ्यायला लागलेत. चुलत्यांचं लेथचं वर्कशॉपही हाताशी आहे. एका निवृत्त इंजिनिअरच्या घरातून जुन्या अमेरिकन ट्रेड पुस्तकांचा संच स्वस्तात मिळतोय. त्यात इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार-गवंडी, पत्राकाम, मशिनिस्ट असे वेगवेगळे खंड आहेत. तो घ्यावा, की त्याच पैशात दुसरं काही घ्यावं? शिवाय थोरल्याला सुपरवायझरची परीक्षा द्यायची आहे.

मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता बाहेरची कामं बघतो. कारखान्यात एकाच माणसाला सकाळी मिलचं बेअरिंग, दुपारी मोटर आणि संध्याकाळी नव्या पंपाचं फाउंडेशन बघावं लागतं. त्यामुळे तिन्ही धंद्यांची पुस्तकं हाताखालून गेली. अशी जुनी अमेरिकन पुस्तकं मी वर्षानुवर्षं वापरली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही सांगतो, सगळा संच उचलू नका. मशिनिस्ट, पत्राकाम आणि सुतारकामाचे खंड घ्या. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरचे खंड फुकट मिळाले तरी कामाच्या पिशवीत ठेवू नका.

कारण रेफरन्स पुस्तकात आपण वाचतो तो तक्ता, आणि प्रत्येक तक्ता काही अटींवर खरा असतो. कुठल्या देशातला, कुठल्या सालचा, कुठल्या मापात, किती तापमानाला, हे तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किंवा पुस्तकाच्या सुरुवातीला एकदाच सांगितलेलं असतं. घाईत आपण आकडा उचलतो आणि अट तिथेच राहते. चांगल्या पुस्तकाची माझी पहिली खूण हीच आहे की ते अट तक्त्यालगत लिहितं. ज्या गाईडमध्ये नुसते आकडे आहेत आणि ते कशावर आधारलेत त्याचा पत्ता नाही, ते कितीही जाड असलं तरी घेऊ नये.

आता विजेचंच बघा. अमेरिकन पुस्तकातल्या चित्रात काळी वायर ही फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे लाल-पिवळी-निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. ते चित्र डोक्यात बसलेल्या पोराने आपल्या बोर्डात हात घातला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तिकडे घरात १२० व्होल्ट, इथे २३०. तिकडे ६० हर्ट्‌झ, इथे ५०. चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग तिथे १८०० आणि इथे १५००, म्हणून तिथल्या पुलीच्या हिशोबात १७२५-१७५० आरपीएम धरलेले दिसतात आणि आपल्या मोटरच्या प्लेटवर १४४० असतं. पुली तशीच बसवली तर पंप हळू फिरणार.

सर्वांत फसवी गोष्ट गेजची, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकाची. आपल्याकडची मोटर रिवाइंडिंगची दुकानं अजून एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजमध्ये बोलतात, अमेरिकन पुस्तक एडब्ल्यूजी या अमेरिकन गेजमध्ये. दोन्हीकडे लिहिलेलं असतं २० गेज. पण एसडब्ल्यूजी २० ची तार ०.९१४ मिमी जाड आणि एडब्ल्यूजी २० ची ०.८१२ मिमी. क्षेत्रफळात हा फरक साधारण एकवीस टक्के पडतो. तेवढं तांबं कमी भरलेली मोटर चालू होते, टेस्टिंगलाही पास होते आणि उसाला पाणी देताना भर उन्हात जळते. मग दोष वार्निशला किंवा लाइटला दिला जातो.

केबलची करंट क्षमता ही दुसरी अडचण, आणि ती ब्रिटिश पुस्तकातही येते. २.५ चौ.मिमी तांब्याची पीव्हीसी वायर, पाइपातून नेलेली, सिंगल फेज, तर तक्त्यात २४ अँपिअर दिसतात. ते ३० अंश तापमानाला. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला टेकतो. ४० अंशाला ०.८७ ने गुणायचं, म्हणजे २१ अँपिअरच्या आत. पत्र्याच्या छताखाली पाइप टाकला असेल तर ५० अंश धरायला हवेत, गुणक ०.७१, म्हणजे १७. त्यात एकाच पाइपात तीन सर्किटं कोंबली तर आणखी ०.७० ने गुणा. उरले बारा अँपिअर. आता त्याच वायरवर २० अँपिअरची एमसीबी बसवली तर ती एमसीबी वायरीला वाचवत नाही. वायर तापून इन्शुलेशन कडक होईल, पण एमसीबी पडणार नाही. हे सगळं आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकात आणि नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये आहे. थोरल्याने बाकी काही नाही वाचलं तरी तापमानाचा आणि ग्रुपिंगचा तक्ता छापून पिशवीत ठेवावा.

शेतपंपाला तर वेगळंच पुस्तकाचं पान लागतं. समजा कृष्णेच्या काठावर मोटर आहे आणि विजेचा मीटर वर मळ्यात, ३०० मीटरवर. ५ एचपी थ्री फेज, करंट साधारण साडेसात अँपिअर. क्षमतेच्या तक्त्यात २.५ ची केबल आरामात बसते, आणि बहुतेक जण तिथेच पुस्तक मिटतात. पण २.५ चौ.मिमी तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे ३०० मीटरला एका कोअरचे २.२२ ओहम. साडेसातने गुणा, मग १.७३ ने, मग ०.८ पॉवर फॅक्टरने. २३ व्होल्ट केबलमध्येच गेले. हा आकडा २० अंशाच्या तांब्याचा. केबल तापल्यावर घट आणखी वाढते. मुळात लाइन ३८० ला आली असेल तर मोटरपाशी ३५५ व्होल्टच पोचतात. आणि सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हाची घट तर याहून मोठी. मोटर घुमते आणि स्टार्टर पडतो. ४ चौ.मिमीला हाच हिशोब १४-१५ व्होल्टवर येतो, ६ ला १० च्या आत. म्हणून लांबच्या कामाला आधी व्होल्टेज ड्रॉपचं पान, मग करंटचं. हा हिशोब शेतकऱ्यासमोर कागदावर करून दाखवा. जास्त किमतीची केबल का घ्यायला सांगतोय ते त्याला पटतं.

अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ठेवा. त्यातले पाइप आणि प्लेटचे आकडे सरळ आहेत: जीआय पाइप आतून किमान ३८ मिमी आणि अडीच मीटर लांब, प्लेट ६०० बाय ६०० मिमी, जीआय असेल तर ६.३ मिमी जाड. पण काळ्या मातीचं वागणं तुम्हाला स्वतः पाहायला लागेल. पावसाळ्यात ती माती उत्तम रीडिंग देते, उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. रीडिंग मेमध्ये घ्या. श्रावणात घेतलेल्या रीडिंगवर कोणाचा जीव सोपवू नका.

बांधकामाकडे वळतो. अमेरिकन खंडातली घरं लाकडी सांगाड्याची असतात. आपल्याला ती भिंत बांधायची नाही. जिन्याची आखणी, छपराच्या कैचीचे कोन, काटकोन काढायची रीत, विटांचे बाँड एवढं त्यातून घ्यावं, आणि ते फार सुंदर समजावलेलं असतं. काँक्रीटचं पान मात्र वाचू नका. त्यांचं सिमेंटचं पोतं ४२.६ किलोचं, आपलं ५०. त्यांचा गॅलन ३.७८५ लिटरचा.

पण जुनी भारतीय पुस्तकंही तपासूनच घ्यायला हवीत, आणि धाकट्यासाठी माझं मुख्य सांगणं तेच आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाची १९७८ ची आवृत्ती धरून लिहिलेल्या पुस्तकांत आरसीसीला १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), म्हणजे एम १५ ताकदीचं काँक्रीट, चालतं. २००० सालच्या आवृत्तीने आरसीसीला किमान एम २० केलं. आपल्याकडचे कितीतरी गवंडी अजून १:२:४ च सांगतात, कारण ते ज्यांच्याकडे शिकले त्यांच्या काळात तेच बरोबर होतं. पाणी मारण्याचंही तसंच. जुन्या पुस्तकात सात दिवस. ते साध्या ओपीसी सिमेंटला. आज दुकानातून येणारं पोतं बहुधा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असतं, आणि त्याला मानक किमान दहा दिवस सांगतं. पोत्यावर काय छापलंय ते वाचा आणि मगच दिवस मोजा. सेंट्रिंग काढायचे दिवसही ओपीसीचे आहेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा, बीमचे सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. पीपीसीला याहून जास्त थांबा. सेंट्रिंगवाला भाड्याच्या हिशोबाने घाई करतो, तेव्हा हे पान त्याच्यासमोर उघडता आलं पाहिजे.

भूकंपाचं पान आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तो पाटण तालुक्यात, आपल्या शेजारीच. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोयनेचा पट्टा चौथ्या क्षेत्रात आहे आणि सांगलीकडचा भाग तिसऱ्यात. म्हणजे दोन्हीकडे आयएस १३९२०, भूकंपात टिकणाऱ्या आरसीसीच्या डिटेलिंगचं मानक, लागू होतं. त्याच्या १९९३ च्या आवृत्तीत साध्या घराच्या कॉलमला २०० मिमी रुंदी पुरत होती, म्हणून नऊ इंची कॉलम सगळीकडे दिसतो. २०१६ च्या आवृत्तीत किमान ३०० मिमी आहे. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगचा हूक १३५ अंशात आत वळलेला हवा, पुढचं टोक सळईच्या जाडीच्या सहा पट, पण ६५ मिमीपेक्षा कमी नाही. म्हणजे ८ मिमीच्या रिंगला ६५ मिमी. फिटर लोक ९० अंशात वाकवून मोकळे होतात. काँक्रीट ओतल्यावर ते कोणाला दिसत नाही आणि जमीन हलली की तीच रिंग उघडते. डिझाइन तुमचं नसेल, आरसीसी कन्सल्टंटचं असेल. पण साइटवर हूक बघणारे तुम्हीच आहात, आणि तिथे दुसरं कोणी येत नाही.

सळईची डिटेलिंग समजून घ्यायला एसपी ३४ सारखं दुसरं पुस्तक मी पाहिलं नाही. चित्रं इतकी स्वच्छ आहेत की फिटरला मोबाइलवर दाखवली तरी कळतात. पण ते १९८७ चं आहे. लॅप, बेंड, खुर्ची यांची चित्रं त्यातून घ्या, कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीचे, आकडे आयएस ४५६ : २००० मधून: फुटिंगला ५० मिमी, कॉलमला ४० मिमी.

ही मानकं विकत घ्यायला लागत नाहीत. ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सच्या पोर्टलवर नोंदणी करून ती मोफत उतरवता येतात. उतरवताना साल आणि त्यानंतरच्या दुरुस्तीपत्रकांची यादी बघा, आणि दरवर्षी दिवाळीनंतर काम कमी असताना एकदा नवी आवृत्ती आलीय का ते तपासा. आयटीआयच्या ट्रेड थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या, चेन्नईच्या निमी संस्थेच्या पुस्तकांनाही कमी लेखू नका. जोडणीच्या पायऱ्या त्यांत सरळ दिलेल्या असतात. पण तेवढ्यावर ठेकेदारी चालत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर एस्टिमेटिंगच्या एका चांगल्या पुस्तकावर करा. बी. एन. दत्ता यांचं पुस्तक जुनं आहे, पण मोजमापाची शिस्त लावतं. नवी आवृत्ती घ्या. दरासाठी मात्र सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची, जिला सगळे डीएसआर म्हणतात. खासगी कामाला तिचे दर जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण प्रत्येक आयटमच्या वर्णनात काय धरलंय आणि काय नाही हे लिहिलेलं असतं. कोटेशन लिहायला त्याच्यासारखा नमुना नाही. गिलाव्याच्या मापावरून मालक आणि ठेकेदाराचं भांडण होतं ते आयएस १२०० या मोजमापाच्या मानकाने मिटतं: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची खिडकी वजा करायची नाही, अर्धा ते तीन चौरस मीटरची एका बाजूने वजा, त्याहून मोठी दोन्ही बाजूंनी वजा आणि कडांचा गिलावा धरायचा. हे करारातच लिहून टाका.

सळईच्या वजनाचं सूत्र तुम्हाला पाठ असेलच, मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. त्यासोबत आयएस १७८६ या सळईच्या मानकातली वजनाची सूट लक्षात ठेवा: १० मिमीपर्यंत सात टक्के, १६ पर्यंत पाच, पुढे तीन. १२ मीटरची ८ मिमीची सळई ४.७४ किलो भरायला हवी. गाडीतल्या सळया सरसकट ४.४ च्या खाली भरत असतील तर माल परत पाठवा. हे पुस्तकातलं एक वाक्य एका गाडीत पुस्तकाची किंमत वसूल करतं.

वर्कशॉपचं वेगळं आहे. तिथे जुनं पुस्तक म्हातारं होत नाही, म्हणूनच मशिनिस्टचा खंड घ्या म्हणालो. डिव्हायडिंग हेडचा हिशोब, टेपर टर्निंग, लेथवर आटे पाडायचे गिअर, टूलला धार लावायचे कोन, पत्र्याचं डेव्हलपमेंट ही भूमिती आहे, ती बदलत नाही. मशिनरीज हँडबुक हे अमेरिकन पुस्तक १९१४ पासून आवृत्तीमागून आवृत्ती निघत आलं आहे. त्याची वीस वर्षं जुनी प्रतही चुलत्यांच्या लेथला पुरेल. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांत बघा. कटिंग स्पीड मात्र जुन्या खंडातून घेऊ नका, तो हायस्पीड स्टीलचा किंवा त्याआधीच्या कार्बन स्टीलचा असतो. कार्बाइडच्या इन्सर्टला उत्पादकाच्या डबीवरचा आकडा. आणि जुन्या पुस्तकात अ‍ॅसबेस्टॉसचं पॅकिंग किंवा सफाईला कार्बन टेट्राक्लोराइड सांगितलेलं दिसेल. दोन्ही जिवाला घातक. त्या ओळींवर लाल पेनने काट मारा, म्हणजे उद्या दुकानात येणारं शिकाऊ पोर ते करणार नाही.

आट्यांचा घोळ इथेही आहेच. जुन्या ब्रिटिश मशिनरीवर व्हिटवर्थ आटे असतात. अर्ध्या इंचाला इंचात १२ आटे, कोन ५५ अंश. अमेरिकन यूएनसीला १३ आटे, ६० अंश. नट दोन फेरे जातो आणि अडकतो. पाना लावून जोर केला की आटे गेले. प्लंबरचा खंड सोडायला सांगितलं तेही यासाठीच. आपल्या पाइपाचे आटे बीएसपी या ब्रिटिश मापाचे, त्यांचे एनपीटी या अमेरिकन मापाचे. अर्ध्या इंचात दोन्हींना १४ आटे, त्यामुळे फिटिंग बसल्यासारखं वाटतं, पण कोन वेगळा असल्याने गळत राहतं. एक इंचाला तर ११ आणि साडेअकरा.

बेअरिंग, व्ही-बेल्ट, पंप, ऑइल सील यांच्यासाठी पुस्तक शोधू नका. उत्पादकांचे कॅटलॉग मागा, डीलर आनंदाने देतात. ६२०५ नंबरचं बेअरिंग म्हणजे बोअर २५, बाहेरून ५२, रुंदी १५ मिमी, हे तर त्यात आहेच. पण शाफ्टवर किती टाइट बसवायचं, ग्रीस किती तासांनी आणि किती भरायचं, हे त्याच्याइतकं नेमकं कुठल्याच ट्रेड पुस्तकात नसतं.

एक वही मात्र तुम्हालाच लिहावी लागेल, कारण ती माहिती छापलेली मिळत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या पातळीला अमुक गल्लीत पाणी किती चढतं, हे फक्त तिथली माणसं सांगतात. ज्या घरात काम घ्याल तिथे २०१९ च्या पुराची खूण विचारा, जोत्यापासून मोजा, वहीत लिहा, आणि मेन बोर्ड व इन्व्हर्टर त्याच्या वर घ्या. तळमजल्याचं सर्किट वेगळ्या आयसोलेटरवर ठेवा, म्हणजे पाणी शिरल्यावर वरचा मजला तरी सुरक्षितपणे चालू ठेवता येईल. अर्थिंगची रीडिंग, कुठल्या गावात किती फुटांवर मुरूम लागला, कुठे काळी माती दहा फुटांपर्यंत गेली, हेही तारीख घालून त्याच वहीत.

सुपरवायझरच्या परीक्षेचं शेवटी. बाजारातल्या कित्येक गाईडमध्ये अजून १९५६ चे भारतीय वीज नियम छापलेले असतात, अर्थिंगसाठी नियम ६१, व्होल्टेजच्या फरकासाठी नियम ५४ अशा जुन्या क्रमांकांसकट. ते नियम मागे पडले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम २०१० ला आले आणि त्यांच्या जागी २०२३ चे आले. गाईड घेण्याआधी दुकानातच अनुक्रमणिका उघडा. २०२३ चे विनियम त्यात नसतील तर ती प्रत ठेवून द्या. विनियमांची मूळ प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून छापून घ्या, आणि गाईड फक्त सोडवलेली गणितं बघण्यासाठी वापरा.